जोगळेकर नसलेले जोगळेकर

आमच्या समोरच्या दारावर 'आर. के. जोगळेकर' अशी पितळी पाटी आहे. आत राहणारे गृहस्थ जोगळेकर नाहीत. ते आर.ही नाहीत आणि के.ही नाहीत. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते वसईतल्या माणिकपूरला आमच्या इमारतीत राहायला आले तेव्हा पाटी करायची वेळ आली. त्यांनी जुनी टेलिफोन डिरेक्टरी उघडली, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. बोट जोगळेकरांवर पडलं.

हे त्यांनीच मला सांगितलं, पण फार उशिरा. कधी आणि का, ते पुढे येईलच. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, तिथे घाई करायची सवयच लागत नाही.

त्यांच्याविषयी लिहायला मला त्यांची परवानगी आहे. अट एकच, खरं नाव यायला नको. म्हणून मी त्यांना इथे जोगळेकरच म्हणणार आहे. तसंही सगळी इमारत तेच म्हणते. गणपतीच्या वर्गणीची पावती जोगळेकरांच्या नावे फाटते, सत्यनारायणाचं बोलावणं जोगळेकरांना जातं, आणि ते पूजेला येऊन डोळे मिटून इतके शांत बसतात की पोथी वाचणाऱ्या गुरुजींनाच आपलं काही चुकतंय की काय असं वाटू लागतं. नाताळात मात्र त्यांच्या खिडकीत कागदाची मोठी चांदणी लागते. रविवारी सकाळी इस्त्रीचा कोट घालून ते बाहेर पडतात. जिन्यात कुणी विचारलंच तर म्हणतात, "देवळात जाऊन येतो." वसईची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागत नाही.

थोडक्यात, सगळ्या इमारतीला सगळं माहीत होतं. फक्त ते माहीत असल्याचं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

एकदा विरारच्या मनवेलपाड्याहून खरेखुरे जोगळेकर आले. घराण्याचा कुलवृत्तांत छापायचा म्हणून गावोगावचे जोगळेकर हुडकत फिरत होते. मी तेव्हा दारातच उभा होतो.

"आपलं गोत्र?" खऱ्या जोगळेकरांनी विचारलं.

"ते मी कोनाला सांगत नाही," आमचे जोगळेकर म्हणाले.

"बरं, मूळ गाव?"

"गरजेपुरतं."

"म्हणजे?"

"म्हनजे गरजेपुरतं मूळ गाव आहे. बसा, पानी घ्या."

खरे जोगळेकर पाणी पिऊन जिना उतरताना मला म्हणाले, "फार घरंदाज माणूस हो. एक शब्द वावगा बोलत नाहीत."

'गरजेपुरतं' हा त्यांचा आवडता शब्द. दुसरं आवडतं वाक्य, "हे तुम्ही बोललात, मी ऐकलं नाही." हे टेलिफोन एक्सचेंजमधून आलेलं असावं. तिथे म्हणे लोकांची बोलणी नको असली तरी कानावर पडत. जगात बोललेलं काहीही कुणीतरी ऐकतच असतं, हे त्यांनी तिथे पक्कं शिकून घेतलं होतं. कुरियरच्या पाकिटावरची चिठ्ठी ते चार तुकडे करून फाडत. दोन तुकडे आपल्या कचऱ्याच्या डब्यात टाकत आणि दोन आमच्या. रिक्षातून घरी येताना एक गल्ली आधीच उतरत. पाचूबंदरची मासळीवाली फाटकाशी टोपली घेऊन बसली की ते खाली जाऊन हळूच सांगत, "माझ्या एका मित्राला पाहिजेत."

ती बाई टोपलीवरचा ओला कपडा बाजूला करून म्हणे, "तुमच्या मित्राला सांगा, बोंबील आज एकदम ताजे हायेत. आनि गेल्या येली मित्र सुट्टे न देता पलाला, तेबी सांगा."

दार वाजवलं की आतून प्रश्न येई, "कोन?" आपण नाव सांगितलं की दुसरा प्रश्न, "पुरावा?" वसुधा, माझी बायको, केळफुलाची भाजी घेऊन जाई तेव्हा वाटीवरचं झाकण थोडं सरकवून दाराच्या भिंगासमोर धरत असे. तो पुरावा त्यांना नेहमी पटायचा.

या जोगळेकरांचं एक मंडळ होतं. ते फोनवर चाले. तिथे सभासद एकमेकांना जुने घरगुती आवाज पाठवत. बाजारात मिळणारी गाणी तिथे नव्हती. घरोघरच्या टेपरेकॉर्डरवर कधीकाळी भरलेल्या कॅसेटी जोगळेकर बैठकीतल्या एका यंत्रावर लावत आणि त्यांच्या फायली करत. मांडवात बसून बायकांनी म्हटलेली लग्नाची गाणी, बंदरावरचा मासळीचा लिलाव, गावच्या हौशी नाटकात नटांपेक्षा मोठ्याने बोलणारा पडद्यामागचा माणूस. एक फाईल तर कुणाच्या तरी आजोबांच्या घोरण्याची होती. आजोबा घोरतच नाहीत असं म्हणत, म्हणून आजीने पुरावा भरून ठेवला होता.

मंडळात शिरणं मात्र सोपं नव्हतं. तिथे कुणी स्वतःच्या नावाने राहत नसे. सभासदांना वाडीतल्या केळ्यांची, वेलींची आणि भाज्यांची नावं होती. जोगळेकर होते 'राजेळी'. बाकी कुणी 'पानवेल', कुणी 'शेवगा', कुणी 'अळू'. नव्या माणसाला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागे, मुलाखत होई आणि आधी स्वतःच्या घरची एक फाईल द्यावी लागे. द्यायचं आधी, घ्यायचं नंतर.

हे खूळ वाटेल, पण त्याला कारण होतं. पूर्वी एकदा एका लग्नाची कॅसेट मंडळाबाहेर गेली. गाणी फार गोड होती. त्या गाण्यांच्या मागे मात्र नवऱ्याची आत्या मुलीकडच्या जेवणाविषयी जे बोलली तेही स्वच्छ भरलं गेलं होतं. ती मुलगी आता आजी झाली आहे. तरी दोन घरांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

"घरातला आवाज म्हनजे घरच असतं, सर," जोगळेकर म्हणत. मला ते सर म्हणतात. "दार कोनालाही उघडायचं नाही."

मला या मंडळाची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

वसुधा गेल्याला आता दुसरं वर्ष आहे. तिला फोनवर टाइप करायचा कंटाळा. मी बाहेर असलो की ती स्वयंपाकघरातून बोलून निरोप पाठवी. मागे कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, मधेच कुणाला तरी "थांब गं" म्हणणं. ते निरोप माझ्या जुन्या फोनमध्ये तेवढे उरले होते. तो फोन अलीकडे तापू लागला. पाठ फुगली, पडदा कडेने उचलला गेला. भाचा म्हणाला, "मामा, सगळं वर चढवून ठेवा ना." वर म्हणजे कुठे, आणि तिथे कोण असतं, हे त्याला सांगता येईना. म्हणून मी स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "फोन ठेवून जा, पासवर्ड लिहून द्या." आणि फोन चालतो का बघायला त्याने सहज एक निरोप लावला. काउंटरवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांच्या मधून वसुधाचा आवाज आला, "अहो, ऐकताय ना?"

एक जण हसला. मी फोन उचलला आणि घरी आलो.

संध्याकाळी जिन्यात जोगळेकर भेटले. मी फोन दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी तो हातात न घेता लांबूनच पाहिला, जसा डॉक्टर दुसऱ्याच्या पेशंटकडे पाहतो.

"याची नक्कल करायला हवी, लवकर," ते म्हणाले. "आनि नक्कल एका जागी ठेवून भागत नाही. चार भरवशाच्या ठिकानी पाहिजे. मंडळात या. मंडळात फाईल गेली की सगळ्यांकडे जपून राहते."

मुलाखत फोनवर झाली. ते त्यांच्या बैठकीत, मी माझ्या. दोन दारं आणि मधला जिना सोडला तर आमच्यात काही नव्हतं. त्यांचा आवाज मला आधी दारातून ऐकू येई आणि मग फोनमधून.

"आपन कुठे राहता?"

"तुमच्या समोर."

"नापास," दार म्हणालं. मग फोन म्हणाला, "नापास."

"का?"

"अनोळखी मानसाला पत्ता सांगितलात."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलाखत झाली. पत्ता विचारल्यावर मी म्हणालो, "गरजेपुरता." वय विचारल्यावर म्हणालो, "हे तुम्ही बोललात, मी ऐकलं नाही." मी पहिल्या वर्गात पास झालो. नाव मिळालं 'दुधी'. राजेळी आणि सुकेळी या दोन सभासदांनी माझी शिफारस केली. सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळीच, हे वसईत राहून माझ्या लगेच लक्षात यायला हवं होतं.

मंडळातले निरोप मला दिसू लागले, पण फायली मिळायच्या तर आधी माझ्या घरची फाईल द्यायची होती. आमच्या घरी टेपरेकॉर्डर कधी नव्हता. माझ्याकडे वसुधाशिवाय दुसरा आवाजच नव्हता. मी जोगळेकरांना म्हणालो, "ज्यांच्या हाती तिचा आवाज द्यायचा, ती माणसं एकदा डोळ्यांनी बघू तरी द्या."

त्यांना ते फार जड गेलं. मंडळ कधी भेटलं नव्हतं. भेटायचं नाही असाच नियम होता. पण दोन दिवस विचार करून त्यांनी सभा ठरवली. रविवारी, देवळातून आल्यावर, माणिकपूरच्या एका हॉटेलात. खूण अशी की टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर वर्तमानपत्राची चौघडी ठेवायची. ओळख पटली तरी दाखवायची नाही.

रविवारी सकाळी त्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर वर्तमानपत्राची चौघडी असते हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मी आत शिरलो तर सगळं हॉटेलच मंडळाचं सभासद दिसत होतं. एका गंभीर गृहस्थांसमोर बसलो. त्यांच्या चौघडीकडे पाहिलं, घसा खाकरला. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि चौघडी माझ्याकडे सरकवली.

मी कुजबुजलो, "शेवगा?"

"तो भाजीबाजारात," ते म्हणाले. "पेपर वाचा हवा तर. पण शब्दकोडं माझं आहे, त्याला हात लावू नका."

कोपऱ्यातल्या टेबलावर काळा चष्मा लावलेला एक माणूस वर्तमानपत्र उघडून त्याच्या आड बसला होता. वेटर त्याच्यापाशी जाऊन मोठ्याने म्हणाला, "जोगळेकर काका, आज पन साखर जास्त ना?" वर्तमानपत्र म्हणालं, "हे तू बोललास, मी ऐकलं नाही." त्यांना त्या दिवशी बिनसाखरेचा चहा प्यावा लागला.

तासाभराने सगळे उठून गेले. घरी पोचलो तर मंडळात राजेळींचा निरोप आलेला होता. 'सभा यशस्वी. कोणीही कोणाला ओळखलं नाही. सर्वांचं अभिनंदन.' खाली पानवेलने लिहिलं होतं, 'मी आलेच नव्हते. घरी पाहुणे होते.' त्यावर राजेळींचं उत्तर, 'उत्तम.'

मी समोरचं दार वाजवलं. या वेळी पुरावा म्हणून फक्त सुस्कारा टाकला. तो चालला.

"जोगळेकर, मला नाही जमायचं," मी म्हणालो. "वर्तमानपत्राच्या घड्यांना मी तिचा आवाज कसा देऊ?"

"भरवसा म्हनजे चेहरा बघनं नाही, सर."

"मग काय असतं?"

त्यांनी चौकटीवरचा हात काढला. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि दार लोटलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी फोन बंद पडला. पडदा काळा झाला तो उजळेना. मी खुर्चीतून उठलो कधी, जिना ओलांडला कधी, ते आठवत नाही. दार वाजवलं. आतून आलं, "कोन?"

मी नुसता उभा राहिलो.

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कडी, मग दुसरी कडी, मग साखळी. जोगळेकरांनी पुरावा न मागता दार उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, टेबलावर रुमाल पसरून त्यावर ठेवला आणि कुठलीशी वायर जोडली. वाट पाहताना त्यांनी मला चहा विचारला नाही, धीर दिला नाही. बऱ्याच वेळाने पडदा उजळला आणि पासवर्ड मागू लागला. तेव्हा जोगळेकर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

"घाला," भिंतीला म्हणाले. "झालं की सांगा."

मग ते परत बसले. वसुधाचे निरोप एकेक करून यंत्रात उतरू लागले. नीट उतरतोय की नाही ते ऐकून बघावं लागणार होतं, म्हणून त्यांनी इअरफोन काढले आणि माझ्या हातात दिले.

"तुम्ही ऐका. मला नुसती मान हलवून सांगा."

"तुम्हाला नाही ऐकायचं?"

"एक्सचेंजमध्ये आमचं काम आवाज पोचवायचं. ऐकायचं नाही."

मी ऐकत गेलो आणि मान हलवत गेलो. एका निरोपापाशी मात्र मला मान हलवता आली नाही. मी इअरफोनची वायर काढून टाकली आणि तो पुन्हा लावला. खोलीत वसुधाचा आवाज भरला.

"अहो, ऐकताय ना? येताना कोथिंबीर आणा, मागच्यासारखी मलूल नको. आणि केळफूल दिसलं तर घ्या. समोर द्यायला होईल, एकटेच असतात ते जोगळेकर. म्हणजे ते काही जोगळेकर नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण त्यांना तसं बरं वाटतं तर असू दे ना. तुम्ही आपलं बोलून जाल काहीतरी, म्हणून सांगते. ठेवते, उतू जातंय."

यंत्र थांबलं. जोगळेकर त्या फुगलेल्या फोनकडे पाहत होते.

"वहिनींना माहीत होतं?"

"होतं."

"कधी बोलल्या नाहीत."

"नाही."

त्यांनी विचारलं, "आनि कोनाकोनाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "फक्त तिला."

त्यांनी मान डोलावली. हा मजकूर लिहून झाल्यावर मी त्यांना वाचायला दिला. सगळ्या इमारतीला माहीत होतं, या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंत, मी वाचलं नाही."

पण त्या दुपारी त्यांनी एवढंच विचारलं, "आनि एवढ्या सगळ्या निरोपांमध्ये तुमचं नाव कुठे येतं?"

"तिने कधी घेतलंच नाही. 'अहो' म्हणायची."

"म्हनजे हा फोन रस्त्यात पडला असता, तरी कोनाला पत्ता लागला नसता कोन कोनाशी बोलतंय." ते खरोखर थक्क झाले होते. "आनि आम्ही इथे भाज्यांची नावं शोधत बसलो. सर, वहिनींना सभासद करायला हवं होतं हो."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून ते नीट जमलं नाही.

मग त्यांनी कपाट उघडलं आणि बोटाएवढी एक पेनड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवली. "वहिनींची एक नक्कल माझ्याकडे राहील. मंडळात नाही, कपाटात. ही तुमच्याकडे ठेवा. हीपन मंडळात नाही."

"काय आहे यात?"

"ऐकलंत तरी चालेल."

मी घरी जाऊन ऐकली. सुरुवातीला नुसती खरखर आहे. मग वाडीतला कोंबडा, रहाटाची कुरकुर, भांडं आपटल्याचा आवाज. पहिल्या पगारातून टेपरेकॉर्डर आणून कुणीतरी अंगणात तो चालतो का बघत असावं. आणि एकदम लांबून, विहिरीच्या बाजूने, एका बाईची हाक येते. एक नाव, शेवटचं अक्षर लांबवून. मग पुन्हा तेच नाव, थोडं चिडून, "जेवून घे रे, कवाधरनं हाका मारते!" आणि अगदी जवळून एक तरुण आवाज म्हणतो, "आलो गं आई."

ते नाव मी इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाटीची आणि डिरेक्टरीची गोष्ट त्यांनी मला सांगितली. गावातलं घर आता पुतण्यांनी पाडून इमारत केली, तेही सांगितलं.

त्या संध्याकाळी मंडळात राजेळींचा निरोप आला. 'नवीन सभासद: केळफूल. मुलाखत: माफ. शिफारस: राजेळी, दुधी.' खाली ओळीने स्वागत सुरू झालं. पानवेलने नमस्कार केला, अळूने फुलं पाठवली. शेवगा नियमाचा पक्का. त्याने विचारलं, 'स्वागत आहे. पण यांची फाईल कुठे आहे?'

समोरच्या दारामागे खुर्ची सरकल्याचा आवाज मला ऐकू आला. थोड्या वेळाने उत्तर आलं.

'गरजेपुरती आहे.'